पितृऋण आणि पुत्राची फिर्याद

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात चिंताकी हे गाव आहे. आधी निजामाचा अंमल, मग हैदराबाद राज्य, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर म्हणजे आजचे कर्नाटक राज्य, असा त्या परिसराचा प्रवास झाला. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू ही तेथली रीत. या टापूत मराठी शिकविण्याचे काम आम्ही काही वर्षे केले. निबंधाचे विषय सर्वत्र असतात तेच होते: पावसाळ्यातील एक दिवस, आमची सहल, माझे वडील. या तिसऱ्या विषयावर चिंताकीकडच्या एका मुलाने एकदा दोन पाने लिहिली, आणि ती सारी आपल्या मामांविषयी लिहिली. मामा बाजाराच्या दिवशी वह्या आणतात, ताप आला की रात्रभर उशाशी बसतात, आणि रागावले की बोलत नाहीत, नुसते बिडी ओढीत राहतात. अक्षर चांगले होते, वाक्ये शुद्ध होती. वडिलांविषयी शेवटी एकच वाक्य होते: ते हैदराबादेस असतात. आम्ही लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि दहांपैकी तीन गुण दिले.

तो शेरा चुकला होता हे पुढे पुष्कळ वर्षांनी एक पुस्तक वाचताना आमच्या ध्यानी आले. ते पुस्तक कोणते हे यथावकाश येईलच. प्रस्तुत लेख त्या शेऱ्याची दुरुस्ती म्हणून लिहिला आहे असे कोणी म्हटले तरी आमची हरकत नाही.

प्रश्न असा आहे: ज्याचा पित्याने विश्वासघात केला असा पुत्र मराठी वाङ्मयात कोठे आहे, आणि असल्यास तो बोलतो काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आमच्या परंपरेने या पुत्राला स्थान पुष्कळ दिले, पण वाचा दिली नाही. त्याची व्यथा तिने आईच्या, बहिणीच्या, पत्नीच्या तोंडी घातली, किंवा देवापुढे नेऊन मांडली. त्याला स्वतःची वाचा फुटली ती फार उशिरा, आणि तीही पितृऋणाच्या व्यवहारात ज्याला कोणी धरलेच नव्हते अशा माणसाच्या लेखणीतून.

पितृऋण हा शब्द आपण सहज वापरतो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे घेऊन मनुष्य जन्माला येतो, आणि त्यांतील तिसरे तो संतती उत्पन्न करून फेडतो, असे धर्मशास्त्र सांगते. या हिशेबाकडे पुत्राच्या बाजूने पाहिले म्हणजे त्यातील विलक्षण गोष्ट लक्षात येते. पुत्र हा या व्यवहारात धनको नाही, ऋणको तर आहेच, पण त्याआधी तो स्वतःच फेडीचे नाणे आहे. बापाने आपले कर्ज ज्या नाण्याने चुकविले, ते नाणे पुढे बापावर फिर्याद कशी करणार? ‘पुत्रऋण’ असा शब्द कोशात शोधणाऱ्याच्या हाती पितृऋणाच्या तोलाचे काही लागेल असे आम्हांला वाटत नाही.

तरीही अगदी प्राचीन वाङ्मयात एक फिर्याद आहे. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा विद्वानांना परिचित आहे. वरुणाला आपला पुत्र अर्पण करण्याचे वचन हरिश्चंद्राने दिले होते. तो पुत्र रोहित अरण्यात निघून गेला आणि अखेर अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाचा मधला मुलगा त्याने बदली म्हणून विकत घेतला. थोरल्याला बाप सोडीना, धाकट्याला आई सोडीना, म्हणून मधला. किंमत शंभर गाई. यूपाला बांधायला कोणी पुढे येईना तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच त्याला बांधले, आणि वध करायला कोणी धजेना तेव्हा आणखी शंभर घेऊन बापच शस्त्र परजीत उभा राहिला. देवांच्या कृपेने मुलगा सुटला. मग बाप त्याला परत ये म्हणू लागला. तेव्हा त्या मुलाने बापाला स्पष्ट शब्दांत धिक्कारले, आणि तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. त्याचे नावही बदलले, तो देवरात झाला. ही कथा राजसूयात ऐकविली जात असे. आमच्या मते पुत्राच्या फिर्यादीचा इतका निर्भीड नमुना पुढच्या हजारो वर्षांत आपल्याकडे झाला नाही.

मराठीत हरिश्चंद्र आला, पण शुनःशेप मागेच राहिला. आमच्या लोकांना माहीत आहे तो सत्यवचनी हरिश्चंद्र, जो शब्दासाठी तारामतीला विकतो आणि रोहिदासालाही विकतो. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी पडद्यावर आणला तोही हाच. रोहिदासाला या विक्रीबद्दल काय वाटले हे विचारण्याची कोणालाही गरज भासली नाही. याहून जवळचे उदाहरण चिलया बाळाचे. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’त (शके १६४०) श्रियाळ राजाची कथा आहे. श्रावणात हा ग्रंथ घरोघर वाचला जातो, आणि श्रियाळ षष्ठीला तर या राजाचे स्मरण होतेच. अतिथी होऊन आलेला शंकर राजाच्या मुलाचे मांस मागतो. आई-बाप मुलाला मारून शिजवितात. चांगुणा त्याचे मस्तक उखळात घालून कांडते आणि कांडताना गाते. पुढे शंकर प्रसन्न होतो, चिलया हाक ऐकून धावत येतो, आणि कथा मंगल होते. हीच कथा कन्नड शिवभक्तांच्या परंपरेत सिरियाळाची आणि तमिळ परंपरेत सिरुत्तोंडराची म्हणून आहे. तेव्हा एकट्या मराठी मनाला दोष देण्याचे कारण नाही. पण आमच्या लक्षात राहते ते असे की, या कथेतला शोक सगळा चांगुणेचा आहे. चिलया खुशीने तयार होतो आणि परत येतो. मधल्या वेळी त्याच्यावर काय गुजरले याविषयी कथा मौन पाळते. परत आल्यावर तो बापाच्या मांडीवर पूर्वीसारखा बसला असेल काय, हा प्रश्न भाविकाच्या मनात येत नाही. आम्हांलाही तो पोथी ऐकताना कधी आला नव्हता, एवढे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता ज्या दोन कृतींची तुलना आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते त्यांकडे वळू. वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला १९६० चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि तिच्या निमित्ताने १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक प्रथमच मराठीकडे आले. गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ नाटक कन्नडमध्ये १९६१ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची घरची भाषा कोंकणी आणि जन्म माथेरानचा, त्या कार्नाडांचे हे पहिले नाटक. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने, सीमेच्या दोन बाजूंस, एकाच बापाची कथा दोन लेखकांनी हाती घेतली. आमच्यासारख्या दोन्ही भाषांच्या मधल्या पट्टीत राहणाऱ्यांना हा योगायोग दुर्लक्षिता येत नाही.

मूळ कथा सर्वांस ठाऊक आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आलेला ययाती मुलांकडे तारुण्य मागतो. यदू व इतर नाकारतात व शाप भोगतात, शर्मिष्ठेचा धाकटा पुत्र पुरू देतो आणि राज्य मिळवितो. खांडेकरांनी ही कथा भोगलोलुप आधुनिक माणसाचे रूपक म्हणून मांडली. त्यांचे मोठे कलात्मक पाऊल म्हणजे निवेदन. ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. तिघांच्या आत्मकथनांतून कादंबरी उलगडते. या योजनेची स्तुती पुष्कळांनी केली आहे व ती योग्यच आहे. परंतु ज्याच्या देहावर सारा सौदा होतो तो पुरू मात्र बोलत नाही. बापाला तारुण्य देताना त्याच्या मनात काय होते ते आपल्याला बापाच्या व आईच्या डोळ्यांनी पाहावे लागते. खांडेकरांची करुणा सर्वत्र पसरलेली असते, पण तिला पुरूचा आवाज ऐकू आला नाही. तो त्यांना आदर्श म्हणून हवा होता, आणि आदर्शाला आत्मकथन नसते.

येथे एक गोष्ट खांडेकरांच्या पदरी टाकली पाहिजे. त्यांचा ययाती स्वतःही बापाने बुडविलेला मुलगा आहे. नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत, हा शाप त्याच्या डोक्यावर पहिल्यापासून टांगलेला आहे, आणि थोरला भाऊ यती त्याच शापाच्या धास्तीने घर सोडून गेलेला आहे. बापाच्या पापाचे ओझे वाहिलेला मुलगा बाप झाल्यावर तेच ओझे आपल्या मुलाच्या पाठीवर टाकतो, ही साखळी कादंबरीकाराने पाहिली आहे. जन्माने गणेश आत्माराम असलेले खांडेकर दत्तक जाऊन विष्णु सखाराम झाले होते. या चरित्रातील घटनेचा कादंबरीशी संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. एवढेच म्हणतो की, बापाचे नाव बदलले म्हणजे काय होते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

कार्नाडांनी हे नाटक लिहिले तेव्हा त्यांचे वय तेवीसच्या आत होते. ऑक्सफर्डला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि वडील माणसांच्या अपेक्षा व आपले आयुष्य यांच्यातला ताण मनावर होता, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. त्यांचा पुरू खांडेकरांच्या पुरूसारखा तेजस्वी नाही. तो गोंधळलेला आणि स्वतःविषयी साशंक आहे, आणि जरा स्वीकारण्यात त्याला काहीतरी थोर केल्याचे समाधान हवे आहे. म्हणजे येथेही मुलगा फिर्याद करीत नाही. फिर्याद करते ती चित्रलेखा, त्याची नुकतीच आलेली पत्नी. जिच्या नवऱ्याचे तारुण्य सासऱ्याने घेतले ती सासऱ्याला सरळ विचारते की, त्याचे तारुण्य तुम्ही घेतलेत, तर त्याच्या जागीही तुम्हीच या. ययाती हादरतो, ती विष घेते, आणि मग कोठे त्याचे डोळे उघडून तो आपली जरा परत घेतो. तरुण लेखकाच्या हातून रंगभूमीवर इतका निष्ठुर प्रश्न यावा याचे आम्हांला आजही आश्चर्य वाटते. नाट्यगुणांच्या दृष्टीने नाटक काहीसे शब्दबंबाळ आहे, पण चित्रलेखेचा प्रवेश एकटाच ते तोलून धरतो. खांडेकरांच्या कादंबरीत ज्या जागी उदात्तता येते, त्या जागी कार्नाडांकडे एक प्रेत येते.

म्हैसूरचे कवी आणि विद्वान ए. के. रामानुजन यांनी ‘भारतीय ईडिपस’ या विषयावरील निबंधात असे दाखविले आहे की, ग्रीक कथेत मुलगा बापाला मारतो, तर आपल्या कथांत बहुधा बाप मुलाचे तारुण्य, राज्य किंवा पुरुषत्व घेतो आणि मुलगा ते देतो; ययाती-पुरू आणि शंतनू-भीष्म ही त्याची ठळक उदाहरणे. हे निरीक्षण आम्हांला मान्य आहे. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, देणारा मुलगा मूक असतो आणि त्याच्या वतीने बोलणारी एक स्त्री जवळपास उभी असते.

या दृष्टीने ज्ञानदेवांकडे पाहिले की एक ओळखीचे चित्र निराळे दिसू लागते. परंपरागत चरित्राप्रमाणे विठ्ठलपंतांनी पत्नी असताना संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते परत संसारात आले, आणि त्यानंतर झालेल्या चार मुलांवर समाजाने ‘संन्याशाची पोरे’ असा शिक्का मारला. देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय मिळाल्यावर आई-बाप मुलांना सोडून गेले. एवढे करूनही मुलांचा प्रश्न सुटला नाही, शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणास जावे लागले. विठ्ठलपंतांना दोषी म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. ते सात्त्विक होते, गांजलेले होते. परंतु मुलांच्या बाजूने पाहिले तर घडले ते असे: बापाने दोन वेळा निवड केली, एकदा घर सोडण्याची आणि एकदा जग सोडण्याची, आणि दोन्ही निवडींचे मोल मुलांनी दिले.

शके १२१२ मध्ये नेवाशास पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत या सर्वांचे पडसाद शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पहिल्याच अध्यायात श्रोत्यांची क्षमा मागताना, मूल बोबडे बोलले तरी मायबापांना संतोषच होतो, हा दृष्टान्त येतो. ज्याला मायबाप उरले नव्हते त्याच्या तोंडचा हा दृष्टान्त आहे हे ध्यानात घेऊन आम्ही तो वर्गात शिकविला असता तर बरे झाले असते. ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेव आपली परंपरा सांगतात ती आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी. ती गुरूंची वंशावळ आहे आणि तीत जन्मदात्याला जागा नाही. शुनःशेप विश्वामित्राच्या मांडीवर बसला, ज्ञानदेव थोरल्या भावाच्या. फरक एवढाच की ज्ञानदेवांनी मागे वळून एक शब्दही उच्चारला नाही.

राग मुळीच नव्हता असे मात्र म्हणवत नाही. कोणीतरी केलेल्या अपमानाने खिन्न होऊन ज्ञानदेव खोपटाची ताटी लावून बसले आणि मुक्ताबाईने बाहेरून त्यांची समजूत काढली, अशी आख्यायिका आहे. ताटीचे अभंग म्हणून जे प्रसिद्ध आहेत ते मुक्ताबाईचे म्हणून ओळखले जातात. आतला भाऊ काय म्हणत होता ते कोणी नोंदविलेले नाही. बंद ताटीआडचे ते मौन हा आमच्या मते मराठी वाङ्मयातील या विषयाचा सर्वांत बोलका भाग आहे. आणि पुढे वारकऱ्यांनी या मुलाला काय म्हणून हाक मारली? माउली. त्याला बाप म्हणावेसे कोणाला वाटले नाही. विठ्ठलही पुष्कळदा विठाई होतो. ज्या जागी बापाने दगा दिला तेथे परंपरेने आई आणून बसविली, असे या नामाचे एक स्पष्टीकरण आम्ही सुचवितो. ते सर्वांना पटेल असा आमचा आग्रह नाही.

चोखामेळ्याचा मुलगा कर्ममेळा हा याच परंपरेतील थोडा वेगळा आवाज. बापाने हीन जन्माचे दुःख देवाच्या पायी वाहून सोसले. मुलगा त्याच देवाला हा जन्म का दिलास म्हणून खडसावतो. त्याची कटुता बापाच्या कटुतेहून तीव्र आहे हे अभ्यासकांनी नमूद केले आहे. पण हे खडसावणे बापाच्या वाट्याला येत नाही, ते विठ्ठलाकडे वळते. फिर्याद नोंदली गेली, पण कोर्ट निराळे होते.

थोर पुरुषांच्या मुलांचा विषय मराठी नाटकाने अनेकदा हाताळला. त्याचा विस्तार येथे करीत नाही. वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मध्ये शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यातील दुरावा रंगविला, तर ‘हिमालयाची सावली’ (१९७२) मध्ये जगासाठी झिजणाऱ्या प्राध्यापक भानूंच्या घरातील कुचंबणा दाखविली. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानास मिळाले ही घटना इतिहासकारांना दीर्घकाळ बोचत राहिली. कानेटकरांनी तिच्याकडे राजकारणापेक्षा दुखावलेल्या मुलाच्या अंगाने पाहिले, हे त्यांचे श्रेय. अजित दळवी यांचे ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवर आधारलेले नाटक याहून कठोर आहे. हरिलालला इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हायचे होते, वडिलांनी ती शिष्यवृत्ती दुसऱ्यांना दिली, आणि तेथून तो उतरणीला लागला. १९३६ मध्ये तो धर्म बदलून अब्दुल्ला झाला, काही महिन्यांनी परत आला, आणि बापाच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, १८ जून १९४८ रोजी मुंबईत गेला. या सर्व नाटकांत मुलगा बोलतो, मोठ्याने बोलतो. परंतु प्रेक्षक नाट्यगृहात येतो तो बापाच्या थोरवीचा साक्षीदार म्हणून. निकाल आधीच लागलेला असतो आणि मुलाला फक्त सहानुभूती मिळते. फ्रांझ काफ्काने १९१९ मध्ये बापाला लिहिलेले लांबलचक पत्र बापापर्यंत कधी पोहोचले नाही. आमच्या रंगभूमीवरील मुलांची पत्रे पोहोचतात, पण बाप पुतळा झाल्यावर.

आता ते पुस्तक. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकाचे गाव हन्नूर, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर. अक्कलकोटचा तालुका कलबुर्गी जिल्ह्याला लागून आहे. तेथील माणसांच्या बोलण्यात कन्नड आणि मराठी एकमेकांत मिसळलेल्या असतात, आणि आमच्या चिंताकीकडच्या वाचकाला या पुस्तकातील माणसे परकी वाटत नाहीत. आई महार, बाप लिंगायत पाटील. आईचे पहिले लग्न या पाटलामुळे मोडले, त्या लग्नाची मुले तिच्यापासून तुटली, आणि तिच्या पोटी जन्मलेल्या या मुलाचे पितृत्व पाटलाने नाकारले.

शीर्षकाकडे प्रथम पाहू. सोनाराच्या मापात बारा मासे म्हणजे एक तोळा. बारा मासे भरले तर ते बारमाशी, म्हणजे पुरे. अकरा भरले तर अक्करमाशी, एका माशाने उणे. अनौरस संततीला गावाने दिलेला हा शब्द आहे. अनौरस हा शब्द वकिलाचा, अक्करमाशी हा तराजूचा. तराजूत एका बाजूला मूल आणि दुसऱ्या बाजूला तोळ्याचे वजन ठेवून गाव रोज बघत असते की काय कमी पडते. कमी पडतो तो एक मासा म्हणजे बापाचे नाव. लेखकाने ही शिवीच पुस्तकाच्या कपाळी लिहिली, आणि त्या कृतीने खटल्याची दिशा फिरविली.

मराठी नावाची रचना लक्षात घेतल्याशिवाय या पुस्तकातील यातना कळणार नाही. आधी स्वतःचे नाव, शेवटी आडनाव, आणि मध्ये बाप. शाळेच्या दाखल्यापासून मृत्यूच्या नोंदीपर्यंत बाप मुलाच्या नावाच्या मधोमध बसलेला असतो. आम्ही शिक्षकांनी हजेरीपटावर हजारो नावे लिहिली, तो मधला रकाना भरताना कधी हात थांबला नाही. ‘अक्करमाशी’तील मुलाला शाळेत घालताना नेमका तोच रकाना अडतो. ज्याने नाकारले त्याचेच नाव लिहावे लागते, आणि मग आयुष्यभर ते नाव मिरवावे लागते. शुनःशेपाला देवरात होता आले. हजेरीपटावर देवरात होता येत नाही.

या ठिकाणी ‘विश्वासघात’ या शब्दाचा नीट विचार केला पाहिजे. जेथे विश्वास कधी नव्हताच तेथे घात कसला, असे कोणी म्हणेल. पुरूने बापावर विश्वास टाकला होता, हरिलालने टाकला होता. या मुलाला तर बाप भेटलाच नाही. मग त्याची वेदना विश्वासघाताची का वाटते? आमचे उत्तर असे की, बापाच्या वतीने एक वचन समाजाने आधीच देऊन ठेवलेले असते. जात, जमीन, घर, सोयरीक आणि स्मशानातली जागाही बापाच्या नावाने मिळेल, हे ते वचन. ज्या समाजाने हे सर्व बापाच्या नावावर लटकविले, त्यात नाव नाकारणारा बाप एका झटक्यात हे सर्व नाकारतो. या मुलाला गावात वाटा नाही, आणि महारवाड्यातही सोयरीक जुळविताना त्याच्या रक्ताची चौकशी होते. आपला अर्धा भाग गावकुसाच्या आत आणि अर्धा बाहेर, ही त्याची तक्रार आहे, आणि ती बापाची असावी तितकीच गावाचीही आहे. येथवरच्या कोणत्याही मराठी मुलाने हे दोन आरोपी एका पिंजऱ्यात उभे केले नव्हते.

पुस्तकाची भाषा सर्वत्र सारखी नाही. भूक, शिळी भाकरी, बसस्टँडवरची रात्र, आजीची भीक या प्रसंगांत ती आखूड, कोरडी आणि अत्यंत परिणामकारक आहे. जेथे लेखक प्रश्नांची माळ लावतो, मी कोण, माझा धर्म कोणता, माझा बाप कोण, तेथे ती सभेतल्या भाषणाकडे झुकते आणि एकाच जखमेवर फार वेळा बोट ठेवते. हे दोष आम्ही झाकीत नाही. पण फिर्याद लिहिणाऱ्याला पुनरुक्तीचा दोष देताना हेही पाहावे की, त्याच्या आधीच्या सातशे वर्षांत ती एकदाही लिहिली गेलेली नव्हती.

आणि आता दादा. लेखकाच्या आजीबरोबर राहणारा, बसस्टँडवर हमाली करणारा हा मुसलमान म्हातारा पुस्तकात दादा म्हणून येतो. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, कागदावर काही नाही. तो मुलाला जवळ घेतो, खाऊ घालतो, त्याच्यासाठी झिजतो. सगळ्या पुस्तकात बापपणाचे जे जे काम आहे ते हा माणूस करतो, आणि बापाचे नाव ज्याच्याकडे आहे तो दुसऱ्या गावी आपल्या वाड्यात असतो. लिंबाळे यांनी या दोघांची तुलना उघडपणे केली असती तर ती पोरकट झाली असती. दादाचे रोजचे जगणे मात्र त्यांनी बारकाईने लिहिले आहे. हा भाग वाचताना आम्हांला ती दोन पाने आठवली: मामा बाजाराच्या दिवशी वह्या आणतात, मामा रागावले की बोलत नाहीत. ‘माझे वडील’ या विषयावर त्या मुलाने विषय सोडून एक अक्षरही लिहिलेले नव्हते. तो आता कोठे असेल कोण जाणे.

सर्वच बाप असे नव्हते हे सांगणे न्यायाचे होईल. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये जातपंचायतीचा रोष पत्करून मुलाला शाळेत घालणारा बाप आहे, आणि त्या पुस्तकातील त्याचा हट्ट विसरता येत नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) मध्ये मधल्या रकान्याचा प्रश्न लेखकाने मुखपृष्ठावरच सोडविला. बापाच्या जागी आई लिहिली. ते पुस्तक आईच्या बाबतीतही हळवे नाही, तिने दूर केल्याची सलही त्यात आहे. तरी नाव तिचेच. पुढे डॉक्टर झालेला हा लेखक २००७ मध्ये अपघातात गेला. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर बापाच्या आधी आईचे नाव लिहिणे आवश्यक केले, तेव्हा आम्हांला ते मुखपृष्ठ आठवले. सीमेच्या अलीकडे आमच्या हजेरीपटांना तो नियम लागू नाही.

सीमाभागातील माणसांनाही मायभूमीने टाकले अशी एक उपमा या विषयावर बोलताना लोक आम्हांला आवर्जून सुचवितात. ती आम्ही स्वीकारीत नाही. नकाशाचे दुःख निराळे, आणि ज्याच्या नावाच्या मध्ये परका माणूस बसला आहे त्याचे निराळे.

खांडेकरांवर आम्ही वर जो आक्षेप घेतला, त्याविषयी लेख हातावेगळा करण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मुलांनी लिहिलेली आत्मकथने आम्ही पुष्कळ वाचली. नाकारणाऱ्या बापाचे आत्मकथन एकही आमच्या वाचनात आलेले नाही. पाटलाने आपली बाजू लिहिली नाही, अजीगर्ताने लिहिली नाही, हैदराबादेस राहणाऱ्या त्या गृहस्थानेही लिहिली नसावी. मराठीत मुलाचे तारुण्य घेणारा बाप आपल्या तोंडाने आपली करणी पानांमागून पाने सांगतो आहे, असे एकच मोठे पुस्तक आम्हांला माहीत आहे, आणि ते ‘ययाति’ आहे. पुरूला मुका ठेवल्याचा दोष त्यामुळे पुसला जात नाही. तथापि यापुढे ही कादंबरी वर्गात घेताना आम्ही प्रारंभ पुरूच्या त्यागापासून करणार नाही, ययातीच्या निवेदनापासून करू.